गोव्याचं शिबिर

सातारा,
१२ मार्च २०२५

प्रिय बेबी,
सप्रेम सलाम.

तुझा परवाचा फोन अर्धाच समजला. तू ओरडत होतीस हे कळत होतं, काय ओरडत होतीस ते कळलं नाही. कुणी पडलं की काय म्हणून वरच्या मजल्यावरून दीपमाला धावत खाली आली. तेव्हा आपलं जुनंच बरं. तू बासष्टची, मी एकोणसत्तरचा, आणि या गल्लीत पोस्टमन बहुतेक आपल्या दोघांमुळेच येतो.

इकडे ठीक आहे. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणं मी सोडलं, आता पोवई नाक्यापर्यंत जाऊन येतो. दीपमाला शाळेतून आली की माझा डबा घेऊन येते. स्वतःच्या काकाला कुणी इतकं करत नाही, मी तर नुसता घरमालक. तिच्या आमटीला तुझी चव नाही, पण हे तिला कळवू नकोस.

लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या पाळकांनी यंदा दुःखसहनाच्या आठवड्यात, गुरुवारच्या प्रभुभोजनाला भाकर मोडायला मला सांगितलंय. सतरा एप्रिल, संध्याकाळी सहा. पाळक म्हणून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, त्यानंतर मी मेजामागे उभा राहिलेलो नाही. आधी नको म्हणालो, मग हो म्हणालो. आमच्याकडे अजून तो एकच मोठा प्याला फिरतो, तुला आठवत असेल. तू तुमच्या सांगलीच्या मंडळीच्या कारभारात वडील म्हणून निवडून आलेली आहेस, तेव्हा माझ्या शेजारी उभं राहून प्याला द्यायला तुला काही हरकत नाही. मी पाळकांना विचारून ठेवलंय.

जमलं तर ये. फार काही नाही. जयराज गेल्यापासून तीन वर्षांत तू इकडे दोनदाच आलीस, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीने परत.

तुझा,
दादा


सांगली,
२० मार्च २०२५

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. तू पुन्हा मेजामागे उभा राहणार हे वाचून फार बरं वाटलं. बाबा असते तर पहिल्या बाकावर कोट घालून बसले असते, एप्रिलच्या उन्हात.

पण दादा, मला नाही जमणार. नेमक्या त्याच दिवसांत, पंधरा ते सतरा, गोव्याला एक शिबिर आहे. विधवा भगिनींसाठी मनन-शिबिर. तीन दिवसांचं. आमच्या इथून कुणी नाही, मी एकटीच जातेय, म्हणजे नाव जानेवारीतच दिलेलं होतं. जागा मोजक्या असतात, सहज मिळत नाहीत. राहायची सोय तेच करतात. मिरजेहून मडगावची गाडी आहे, तिचं तिकीटही काढून झालं. नाहीतर मी आलेच असते. ईस्टर झाल्यावर येईन, चांगली आठ दिवस राहीन, आमटीसुद्धा करीन.

परवा कपाट आवरताना माझा कॉन्व्हेंटचा शाळेचा फोटो सापडला. त्यात त्या म्हाताऱ्या सिस्टर आहेत बघ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेल्या. रविवारी दुपारी सगळं बोर्डिंग झोपलं की त्या व्हरांड्यात एकट्या पत्ते लावत बसायच्या. मला झोप यायची नाही म्हणून शेजारी बसवून घ्यायच्या आणि शिकवायच्या. मी सुट्टीत घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नव्हते. मग म्हणाले, रोमन कॅथलिक लोकांचं चालतं, आपलं चालत नाही. आता हसू येतं. तुला काय वाटतं, दादा, पत्त्यांमध्ये एवढं पाप असेल का?

आणखी एक. तुझं अक्षर बारीक होत चाललंय. पहिली ओळ बरी असते, पुढे पुढे मुंग्या. नवा चष्मा करून घे, टाळू नकोस.

तुझी,
बेबी


सातारा,
१३ एप्रिल २०२५
झावळ्यांचा रविवार

प्रिय बेबी,
सलाम. घाईत लिहितोय. दुपारच्या सांगली गाडीच्या कंडक्टरकडे हे पुडकं देतोय. दीपमाला तुला फोन करून गाडीचा नंबर सांगेल, स्टँडवर जाऊन घे.

तू येणार नाहीस हे वाचून मी काही दिवस रुसलो होतो, खरं सांगतो. म्हणून उत्तर लिहिलं नाही. मग माझीच मला लाज वाटली. माणूस देवाच्या कामाला निघालंय आणि आपण त्याच्यावर रुसतो. आज उपासनेत मी उभा राहिलो आणि मंडळीला सांगितलं, माझी धाकटी बहीण आपलं दुःख बाजूला ठेवून गोव्याला विधवा भगिनींच्या शिबिराला निघाली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी गुडघे टेकले. चर्चची झाडलोट करणाऱ्या चंद्राबाई तुला आठवतात ना, त्यांनी तर मंगळवारपासून तुझ्यासाठी तीन दिवसांचा उपास धरायचं ठरवलंय. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी नको म्हणालो तर मला म्हणाल्या, "उपास नको म्हनायला तुमी आता पाळक ऱ्हायला न्हाईसा."

पुडक्यात चाळीस क्रूस आहेत. आजच्या झावळ्यांचे. रविवारच्या शब्बाथशाळेच्या मुलांनी विणले, चंद्राबाईंनी पानं भिजवून मऊ करून दिली. तुझ्या भगिनींना एकेक दे. त्यातला एक माझा आहे. तो कुठला ते ओळखशील, सगळ्यांत वाकडा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: बाबा कडक होते, मी त्यांच्यापेक्षा कमी. पत्त्यांचं मला नक्की माहीत नाही. या वयात माहीत करून घ्यायची निकडही नाही.

चष्मा बदलला. अक्षर तेच आहे.

तुझा,
दादा


सांगली,
१९ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
सलाम.

काल सकाळी परत आले. शिबिर चांगलं झालं. क्रूस सगळ्यांना आवडले. चंद्राबाईंना आणि मुलांना माझा सलाम सांग.

गुरुवारी कसं झालं ते कळव. मी थकले आहे, सविस्तर नंतर लिहीन. उद्याच्या ईस्टरचा तुला आगाऊ सलाम.

तुझी,
बेबी


सातारा,
२३ एप्रिल २०२५

आदरणीय प्रियदर्शनीताई,
सलाम.

मी दीपमाला, सरांच्या वरच्या मजल्यावर राहते. आपण फोनवर दोन-तीनदा बोललो आहोत. हे पत्र मी सरांना न सांगता लिहिते आहे. त्यांनी मला हे कळवायला मनाई केली आहे, आणि त्यांचं मी सहसा मोडत नाही.

सरांना दोन वर्षांपासून कंपवात आहे. उजवा हात जास्त. गोळ्या सुरू आहेत, पण डॉक्टर म्हणाले की आता हळूहळू वाढेल. पाळकांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी यंदा सरांना मेजामागे उभं राहायला सांगितलं. पुढच्या वर्षी जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं, सरांनाही नाही. सर म्हणाले, बेबी शेजारी असली तर मी उभा राहीन, प्याला ती सांभाळेल. तुमचं येणं होत नाही कळल्यावर पाळक म्हणाले, दुसरं कुणी वडील उभं करू. सर नको म्हणाले. मी एकटा करतो म्हणाले.

गुरुवारी भाकर नीट मोडली. प्रार्थना फार सुंदर केली, मी सरांना इतक्या हळू आवाजात कधी ऐकलं नव्हतं. मग प्याला उचलला. ताई, तो त्यांच्या हातून निसटला. सगळा द्राक्षरस मेजावरच्या पांढऱ्या कापडावर आणि सरांच्या पांढऱ्या झग्यावर. प्याला पायरीवरून खाली पहिल्या बाकापर्यंत गेला. सर तसेच उभे राहिले, हात पुढे धरून. चंद्राबाई उठल्या, गुडघ्यावर बसल्या आणि पदराने फरशी पुसायला लागल्या. त्यांचा तो तिसरा उपास होता. मग पाळकांनी पुढचं केलं.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर सर म्हणाले, "बरं झालं बेबी नव्हती. ती बरोबर ठिकाणी होती." तेवढंच. हे वाक्य ते रोज एकदा तरी म्हणतात. परवा तुमचं छोटं पत्र आलं, ते त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवलंय.

मला वाटलं तुम्हाला माहीत असावं. लहान तोंडी मोठा घास असेल तर क्षमा करा.

आपली,
दीपमाला


सांगली,
२६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

दीपमालाने मला कळवलं. तिच्यावर रागावू नकोस. तू रागवावंस असं दुसरं माणूस आहे, आणि ते हे पत्र लिहितंय.

मी बरोबर ठिकाणी नव्हते. गोव्यात शिबिर नव्हतं. मी पणजीला नदीत उभ्या असलेल्या एका जहाजावर तीन दिवस पत्ते खेळत होते. पोकर म्हणतात त्याला. स्पर्धा होती.

आता सगळं लिहिते, कारण थोडं लिहून थांबायची मला सवय लागली आहे.

जयराज गेल्यावर पहिलं वर्ष लोक येत होते. प्रत्येकजण माझा हात हातात घ्यायचा. मंडळीत, भाजीबाजारात, बँकेत. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे हात हातात घेतले, नर्सिंगच्या मुलींना तेच शिकवलं, आणि आता माझा हात सगळ्यांच्या हातात. मला गुदमरायला व्हायचं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने करमणूक म्हणून टॅब्लेटवर तो खेळ लावून दिला. प्रत्येकाला दोन पत्ते, फक्त त्यालाच दिसणारे. मधे पाच पत्ते, सगळ्यांना दिसणारे. सुरुवातीला सगळ्यांकडे चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी मोजायच्या चकत्या, सारख्याच. संपल्या की उठायचं, शेवटी उरेल तो जिंकला. तिथे कुणाला माहीत नव्हतं की मी विधवा आहे, बासष्टची आहे, निवृत्त आहे. कुणी मला बिचारी म्हणत नव्हतं. चुकले की सरळ हरवायचे. दादा, तुला हे विचित्र वाटेल, पण त्यात मला विश्रांती मिळाली. तशी मला जयराज गेल्यापासून चर्चमध्येही मिळाली नव्हती. तिथेही सगळे हात धरायलाच यायचे.

आणि मला ते जमायला लागलं. जानेवारीत एक छोटी स्पर्धा जिंकले, त्यात गोव्याच्या मोठ्या स्पर्धेचा प्रवेश होता. तुझं पत्र आलं तेव्हा तारीख बघून मी दोन दिवस विचार केला. तुला खरं सांगावं असं मनात होतं. त्या म्हाताऱ्या सिस्टरची गोष्ट मी उगाच लिहिली नव्हती, तू काय म्हणतोस ते बघत होते. पण तू रागावशील म्हणून मी खोटं बोलले, असं नाही. तू रागावला नसतास. तू माझ्यासाठी प्रार्थना केली असतीस. तेच मला नको होतं. आणि मग तू ती सगळ्या मंडळीकडून करून घेतलीस.

तुझं पुडकं मी स्टँडवर घेतलं ते तसंच बॅगेत टाकलं. घरी ठेवून जायला मन होईना. मंगळवारी सकाळी टेबलाशी बसले. प्रत्येकजण आपल्या दोन पत्त्यांवर काहीतरी वजन ठेवतो, कुणाचा हात चुकून लागून पत्ते उचलले जाऊ नयेत म्हणून. कुणाचं नाणं, कुणाचा छोटा गणपती, एकाच्या लेकीच्या पायातला चांदीचा वाळा. माझ्याकडे काही नव्हतं. बॅगेत हात घातला आणि वर आला तो क्रूस काढला. वाकडा होता, तुझा. मला कळलं तो तुझा आहे. तरी ठेवला.

तीन दिवस माझ्या पत्त्यांवर तुझा क्रूस होता. शेजारच्या माणसाने विचारलं, हे काय, म्हटलं माझ्या भावाने दिलंय. म्हणाला, मग काय, तुमचं नशीब पक्कं. मी हसले. बाकीचे एकोणचाळीस बॅगेतच राहिले. सगळ्यांना आवडले असं तुला लिहिलं, तेही खोटं.

शेवटच्या दिवशी आम्ही पाचजण उरलो होतो. हुबळीचे एक कारखानदार होते. माझ्या हातात दोन राण्या आल्या, फार चांगले पत्ते. त्यांनी आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि ढकलताना त्यांचा हात थरथरला. या खेळात नवशिक्यांना वाटतं की हात थरथरला म्हणजे माणूस घाबरलाय. तसं नसतं. बहुतेक वेळा हात थरथरतो तो मोठे पत्ते आल्यावर. मी राण्या टाकून दिल्या. त्यांनी पत्ते उलटून दाखवले, दोन राजे. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, हुबळीच्या साहेबांनीसुद्धा. तेव्हा किती वाजले होते मला माहीत नाही. तिथल्या भिंतीवरचं घड्याळ फक्त पुढची फेरी किती मिनिटांत आहे ते सांगतं.

मी तिसरी आले. बक्षीस तसंच ठेवलंय, हात लावावासा वाटत नाही.

दादा, बारीक होत जाणारं अक्षर. ओळीच्या सुरुवातीला मोठं, शेवटाला मुंगीएवढं. कंपवाताचं हे लक्षण मी तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं, परीक्षेत पाच मार्कांना विचारलं. एका परक्या माणसाचा हात मी क्षणात वाचला. तुझी दोन वर्षांची पत्रं माझ्या टेबलाच्या खणात आहेत, काल सगळी काढून तारखेने लावली. एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही ओळखलं असतं. आणि मी तुला चष्मा बदलायला सांगितलं.

गुड फ्रायडेला पहाटे मिरजेला उतरले आणि तशीच आमच्या चर्चला गेले. तीन तासांची उपासना होती. वधस्तंभाखाली शिपाई येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकतात, तो भाग वाचायला नेमका माझ्याकडे आला, वडील म्हणून. आजवर मला ते शिपाई दुष्ट वाटायचे. त्या दिवशी वाचताना वाटलं, ते दुष्ट नसतील. खाली बघत होते, एवढंच. खेळात माणूस वर बघत नाही. मी वाचता वाचता मधेच थांबले. लोकांना वाटलं, जयराजची आठवण आली. पुढच्या बाकावरच्या बाई उठून आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी वडील म्हणून राजीनामा लिहून ठेवलाय, अजून दिलेला नाही. तू म्हणशील तसं करीन. तुमच्या मंडळीसमोर येऊन मी उभी राहीन आणि सगळं सांगेन, तुझी इच्छा असेल तर. तू तिथे उभा राहून कधी खोटं बोलला नव्हतास. ते मी तुला बोलायला लावलं.

मी येऊ का, एवढं फक्त लिही.

बेबी


सांगली,
१२ मे २०२५

प्रिय दादा,
सलाम.

दोन आठवडे झाले. मी रोज पेटी बघते. फोन केला तर दीपमाला म्हणाली, सर बरे आहेत, पत्र वाचलंय, काही बोलत नाहीत. मी तिला जास्त विचारलं नाही, ती बिचारी आधीच दोघांच्या मधे सापडली आहे.

तू नुसतं येऊ नकोस असं लिहिलंस तरी चालेल. कोरं ठेवू नकोस.

बेबी


सातारा,
१९ मे २०२५

प्रिय बेबी,
सलाम.

हे मी सांगतोय आणि दीपमाला लिहून घेते आहे. तिला बजावलंय, एकही शब्द गोड करायचा नाही.

उशीर झाला, कारण काय लिहायचं ते माहीत नव्हतं. अजूनही पूर्ण माहीत नाही.

आधी माझं. दोन वर्षं मी तुझ्यापासून आजार लपवला. का, तर तू धावत येशील आणि माझा हात हातात घेशील. तुझं पत्र वाचताना त्या जागी मी थांबलो. मला ते समजलं. म्हणजे एकाच घरची माणसं आपण. मी "जमलं तर ये, फार काही नाही" असं लिहिलं, तेही खरं नव्हतं. फार होतं. ते मी लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तू आली असतीस, हे मला माहीत आहे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पत्ते खेळलीस याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एका दुपारी ते ओसरलं. बाबांइतका मी कडक नाही. मला लागलं ते दुसरं. शुक्रवारपासून, डागाळलेला झगा पाण्यात घालून बसलो होतो तेव्हापासून, मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होतो, की बेबी नव्हती ते देवाच्या कामासाठी नव्हती. त्या एका वाक्यावर मी आठ-दहा दिवस काढले. तुझं पत्र आलं आणि ते वाक्य गेलं. त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नाही.

मेच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भावाबहिणीविषयी मनात अढी असताना मेजाजवळ जाऊ नये, हे मीच या मंडळीला तीस वर्षं शिकवलं. कितीजणांना मी त्यावरून परत पाठवलंय, आपल्या मंडळीतला नानासो आणि त्याचा भाऊ तर शेताच्या बांधावरून भांडून चार वर्षं बाकावर बसून होते. आता माझी पाळी आली. सगळे उठले, मी बाकावर बसून राहिलो. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. लोकांना वाटलं, प्याल्याची लाज वाटते म्हणून म्हातारा उठत नाही. तेही खोटंच झालं. म्हणून काल मी उभा राहिलो आणि सांगितलं. तू येऊन सांगायची गरज नाही. मी बोललो होतो, मीच दुरुस्त करायचं होतं.

मी म्हणालो, माझी बहीण शिबिराला गेली नव्हती, ती गोव्याला पत्त्यांच्या स्पर्धेत खेळत होती, मला माहीत नव्हतं आणि मी तुम्हाला तिच्यासाठी गुडघ्यावर बसवलं. मग चंद्राबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. पर जिकली का न्हाई?" तिसरी आली म्हणालो. "मंजी आमच्या उपासानं तिसऱ्या नंबरापत्तुर तरी न्हेली की." लोक हसले. पाळकही हसले. मला हसू आलं नाही, पण आवाज बरा वाटला.

तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं. पण अर्धं सांगून बसायला मी उठलो नव्हतो. क्रूस कुठे ठेवला होता तेही सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही. चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उपासना संपेपर्यंत काढला नाही. घरी जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. तुझ्याशी बोलतील की नाही, सांगता येत नाही. ते तुझं तू बघ. मुलांना काय सांगायचं तेही तूच बघ, एकोणचाळीस क्रूस कुणाचे होते ते त्यांना पाठ आहे.

राजीनामा द्यायचा की नाही ते मला विचारू नकोस. बक्षिसाचंही विचारू नकोस. पुन्हा खेळणार का, तेही मी विचारत नाही.

भाकर मोडायला मी आता उभा राहणार नाही. ते एकदा होतं, ते झालं, आणि तू तिथे नव्हतीस. ते तसंच राहील. तुला मी माफ केलं असं लिहायला दीपमालाला सांगितलं असतं तर तिने सुंदर अक्षरात लिहिलं असतं. पण ते अजून झालेलं नाही. रोज सकाळी प्रार्थनेला बसतो, तुझं नाव येतं, आणि तिथे अडतं.

लांबून ही अढी जात नाही, हे मात्र कळलं. जूनची एक तारीख रविवार आहे. तू आदल्या दिवशी ये, सकाळच्या गाडीने, परतीचं तिकीट न काढता. दुपारभर बोलू. तू ओरडून बोललीस तरी चालेल, दीपमालाला सांगून ठेवलंय. अढी गेली तर रविवारी दोघं उठू आणि मेजाजवळ जाऊ. नाही गेली, तर दोघं बाकावर बसून राहू.

माझ्या उजव्या बाजूला बस. तो हात जास्त हलतो.

दादा